पांढऱ्या पट्ट्याचें कुलवृत्त

संध्याकाळीं सहाच्या सुमारास पुण्याच्या कोणत्याहि पेठेंतून वा उपनगरांतून फेरफटका मारला, तर पांढरा सदरा व पांढरी विजार घातलेलीं, कमरेला पिवळा, हिरवा किंवा निळा पट्टा आवळलेलीं मुलें लगबगीनें कोठें तरी जातांना दिसतात. पूर्वीं ह्या वेळेस मुलें तालमींत किंवा मल्लखांबावर जात. आतांहि जातात, परंतु शाळेच्या सभागृहांत अथवा मंगल कार्यालयाच्या रिकाम्या दालनांत चालणाऱ्या ह्या परदेशी विद्येनें आपल्या मध्यमवर्गीय घरांत चांगलेंच बस्तान बसविलें आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ह्या विद्येचें नांव तायक्वांदो. ती कोरिया देशाची. मुलीला वर्गास पोंचविण्याच्या निमित्तानें जातां जातां प्रस्तुत लेखकहि शेचाळिसाव्या वर्षीं तिच्या शेजारीं रांगेंत उभा राहूं लागला, आणि नवशिक्याचा पांढरा पट्टा बांधून ‘हाना, तुल, सेत’ असे कोरियन आंकडे ओरडत हवेंत लाथा झाडूं लागला.

नवशिक्या माणसाला शंका फार. लहान मुलें सांगितलें तसें करतात. प्रौढ विद्यार्थी मात्र, पाय कमरेच्या वर जात नाहीं म्हणून असेल, पण इतिहासाकडे लवकर वळतो. आमच्या वर्गांत एक छापील पुस्तिका मिळते. तींत लिहिलें आहे कीं, ही विद्या दोन हजार वर्षांची आहे. कोगुर्यो राज्यांतील थडग्यांच्या भिंतींवर तिचीं चित्रें आहेत. सिल्ला राज्याचे ह्वारांग नांवाचे तरुण वीर तिचा अभ्यास करीत. आणि क्योंगजू येथील बौद्ध गुंफेंतले द्वारपाल तिच्याच पवित्र्यांत उभे आहेत. पट्ट्याच्या परीक्षेंत हा प्रश्न तोंडी विचारतात, व उत्तर पुस्तिकेबरहुकूम द्यावें लागतें.

आतां गंमत अशी कीं, आमच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर कराटेचा वर्ग भरतो. एके दिवशीं जिन्यांत उभा राहून मीं त्यांच्या नवख्या मुलांची पहिली रचना पाहिली. डावीकडे वळावयाचें, डाव्या हातानें खालून येणारा प्रहार अडवावयाचा, मग उजवा पाय पुढें टाकून उजव्या मुठीचा ठोसा द्यावयाचा. आम्हांलाहि अशाच ठराविक हालचालींच्या साखळ्या शिकवितात. त्यांना ‘पूमसे’ म्हणतात. त्यांतली पहिली ‘थेगुक इल जांग’. तिचा आरंभ ह्याहून निराळा नाहीं. पाऊल तेवढें आंखूड. कराटे ही तर ओकिनावा बेटांतून जपानांत आलेली विद्या. मग दोन हजार वर्षांपूर्वींच्या कोरियन वीरांचा आणि ह्या वरच्या मजल्याचा संबंध काय?

ही शंका मनांत असतांनाच गेल्या दिवाळींत कोरियास जाण्याचा योग आला. कचेरीचें काम सोल शहरांत तीन दिवसांचें होतें. त्याला आठवडा जोडून घेतला, व पत्नी आणि मुलगी ह्यांना बरोबर नेलें. त्या ऋतूंत तो देश फार देखणा असतो. रस्त्यांच्या दुतर्फा गिंकोच्या पानांचा हळदीसारखा पिवळा सडा पडलेला असतो, आणि थंडी महाबळेश्वरच्या पौषांतल्या पहाटेसारखी झोंबते. शाकाहारी मनुष्याची मात्र जेवणाची ओढाताण होते. भाताबरोबर येणाऱ्या ‘किमची’ नांवाच्या मुरविलेल्या कोबींत बहुधा मासळीचा अर्क असतो, हें जाणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. भात व निरनिराळ्या भाज्या एकत्र कालवून खाण्याचा ‘बिबिम्बाप’ हा प्रकार मांस व अंडें वगळून मागितला असतां पोट भरतें.

पहिल्याच मोकळ्या संध्याकाळीं आम्ही कुक्कीवॉन पाहिलें. कांगनाम हा सोलचा नदीपलीकडला दक्षिण भाग, काचेच्या उंच उंच इमारतींचा. त्यांच्या गर्दींत एका लहान टेकडीवर जुन्या धर्तीच्या कौलारू छपराची ही वास्तु आहे. तायक्वांदोचें हें काशीक्षेत्र. काळ्या पट्ट्याचीं प्रमाणपत्रें येथून जगभर जातात. वास्तु पाहून कोणासहि ती एखाद्या राजाच्या काळची वाटावी. परंतु ती १९७२ च्या नोव्हेंबरांत उघडली. आंत एक लहानसें संग्रहालय आहे. तेथील पदकें व छायाचित्रें पाहतांना एक गोष्ट जाणवली: कागदोपत्रीं जें कांहीं आहे तें सारें गेल्या सत्तर-ऐंशीं वर्षांतलें, आणि त्याच्या मागें जें सांगितलें जातें तें एकदम शिलालेखांच्या आणि थडग्यांच्या काळचें.

हें पाहून मला आपल्याकडच्या कुलवृत्तांतांची आठवण झाली. वाचकांपैकीं बहुतेकांच्या कपाटांत असा एखादा ग्रंथ असेलच. पहिल्या पानावर भगवान् परशुराम समुद्र हटवितात, आणि पान उलटलें कीं पेशवाईंतला कोणी खापरपणजोबा कोंकणांतून देशावर येतो. मधलीं हजारों वर्षें कोठें गेलीं हें कोणी विचारीत नाहीं, विचारूंहि नये असा संकेत आहे. खरा कुलवृत्तांत त्या खापरपणजोबापासून सुरू होतो हें सर्वांना ठाऊक असतें. तरी पहिलें पान फाडावयास कोणी धजत नाहीं.

असो. पहिलें पान आधीं वाचावें म्हणून आम्ही क्योंगजूस गेलों. सोलहून वेगवान् आगगाडीनें दोन-सवादोन तासांचा प्रवास. हें सिल्ला राज्याच्या राजधानीचें गांव. तें राज्य इसवी सन ९३५ पर्यंत टिकलें. गांवांत शिरतांच हिरवळीनें झांकलेले प्रचंड गोल उंचवटे दिसतात. प्रथम टेकड्या वाटतात. ते राजेरजवाड्यांचे थडग्यांचे ढीग आहेत. त्यांच्या सावलींत घरें, दुकानें, सायकलीवरून फिरणारीं मुलें. मृतांच्या इतक्या शेजारीं इतकें निर्धास्त राहणारें गांव मीं दुसरें पाहिलें नाहीं. ६३४ सालीं बांधलेल्या पुन्ह्वांगसा विहाराचा मनोराहि आम्ही पाहिला. दगड विटांसारखे घडवून तो रचलेला आहे. आज त्याचे तीनच मजले उरले आहेत. प्रत्येक दाराशीं दोन दोन द्वारपाल कोरलेले आहेत. परंतु ज्यांच्यासाठीं आम्ही आलों ते द्वारपाल तोहाम डोंगरावर, सोक्कुराम गुंफेंत.

पायथ्याच्या पुल्गुक्सा विहारापासून तेथवर मोटार-बस जाते. तिच्यांतून उतरून झाडींतल्या वाटेनें कांहीं वेळ चालावें लागतें. पूर्वेस डोंगरांच्या रांगांपलीकडे समुद्राची रेघ दिसते. गुंफा म्हटली तरी ती आपल्या वेरूळ-अजिंठ्यासारखी डोंगरांत खोदलेली नाहीं. ७५१ सालीं आरंभ करून, ग्रॅनाइटचे घडीव चिरे एकमेकांत बसवून, घुमट रचून, वर माती लोटून ती तयार केलेली आहे: डोंगर नसलेल्या जागीं लेणें करावयाची युक्ति! आंत सुमारें साडेतीन मीटर उंचीची बुद्धमूर्ति पूर्वाभिमुख बसलेली आहे. तिच्या चेहऱ्यावरची शांति शब्दांनीं सांगण्याच्या भरीस मी पडत नाहीं. आतां मध्यें कांचेची भिंत घातली आहे, व छायाचित्रें घेण्यास बंदी आहे. १९१३ ते १९१५ ह्या वर्षांत जपानी सरकारनें ही गुंफा उकलून पुन्हा रचली व तींत सिमेंट ओतलें. तेव्हांपासून ओलीचा रोग जडला, त्यावरचा हा उपाय. कोरियांत कोणत्याहि जुन्या वस्तूजवळ जरा उभें राहिलें कीं जपानची सावली पडलेली दिसते, ती अशी.

मूर्तीच्या अलीकडल्या दालनांत ते दोघे द्वारपाल. अंग उघडें, कमरेला वाऱ्यानें उडणारें वस्त्र, दंडाच्या व छातीच्या पेशी फुगलेल्या, एक हात उगारलेला. एकाचें तोंड उघडें, दुसऱ्याचें मिटलेलें. मुलगी कांचेला नाक लावून म्हणाली, “बाबा, हा आपल्यासारखाच उभा आहे!” आणि क्षणभर खरेंच तसें वाटतें.

परंतु महाराष्ट्रांतून आलेल्या माणसाला ही ओळख फार वेळ फसवूं शकत नाहीं. ह्या द्वारपालांचें कोरियन नांव ‘कुमगांग योक्सा’. कुमगांग म्हणजे वज्र, योक्सा म्हणजे बलवान् पुरुष. वज्र धारण करणारा बुद्धाचा रक्षक म्हणजे वज्रपाणि! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत गाभाऱ्याच्या दाराशीं पद्मपाणीच्या जोडीला जो रंगविलेला आहे त्याच्याच गोत्रांतला हा. अजिंठ्यास त्याला राजपुत्राचें सुकुमार रूप आहे. वायव्येकडे गांधार देशांत ग्रीक शिल्पाच्या सहवासानें त्याला हर्क्युलिसचें पिळदार शरीर मिळालें, आणि त्याच थोर अंगलटीनें तो मध्य आशिया व चीन ओलांडून कोरिया-जपानपर्यंत गेला. एकाचें तोंड उघडें व एकाचें मिटलेलें कां, हेंहि आपल्याला दुभाष्यावांचून समजतें: एक ‘अ’ म्हणतो, दुसरा ‘हुं’, आरंभ आणि शेवट. त्याची मूठ राक्षसांना भिवविण्यासाठीं आहे, गुण मिळविण्यासाठीं नाहीं. ह्या मुठीवरून तायक्वांदोचा जन्म सिल्लांत झाला असें ठरवावयाचें, तर त्याच मुठीवरून तो ग्रीसांत झाला असेंहि ठरवितां येईल. काळ्या पट्ट्यानंतरच्या एका पूमसेचें नांव ‘कुमगांग’ आहे. पण नांव दगडावरून घेतलें म्हणून चाल दगडांतून आली असें होत नाहीं.

पुस्तिकेंतल्या दुसऱ्या पुराव्याची गोष्टहि अशीच. कोगुर्योंचीं तीं थडगीं आज चीनच्या हद्दींत जीआन येथें आहेत, म्हणून आम्हांस तीं चित्रांतच पाहावीं लागलीं. दोन पुरुष हात पसरून समोरासमोर उभे आहेत. ते लढत असतील, खेळत असतील. चित्रकारानें खालीं नांव लिहिलेलें नाहीं. ह्वारांगांची गोष्ट जुन्या बखरींत आहे, त्यांच्या शौर्याची आहे, भक्तीची आहे. लाथांची पद्धति तींत सांगितलेली नाहीं. कोरियांत युद्धविद्या नव्हत्या असें मात्र कोणी समजूं नये. १७९० सालीं राजा चोंगजोच्या आज्ञेनें तिघांनीं ‘मुये दोबो थोंगजी’ हा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. त्यांत चोवीस विद्या वर्णिल्या आहेत; भाले, तरवारी, घोड्यावरचे पवित्रे. हातघाईचें एक प्रकरणहि आहे, पण तें मुख्यत्वें सोळाव्या शतकांतल्या एका चिनी सेनापतीच्या ग्रंथावरून उतरलेलें. म्हणजे त्या काळींसुद्धां हे लोक शेजाऱ्याकडून घेत होते, आणि घेतल्याचें मोकळेपणानें लिहीत होते.

खालीं पुल्गुक्साच्या आवारांत एका भारतीय गृहस्थांची गांठ पडली. ते मद्रासकडचे. आमचा विषय ऐकतांच ते हंसून म्हणाले, “मूळ आपलेंच! कांचीचा बोधिधर्म चीनमध्यें गेला आणि त्यानें शाओलिनच्या भिक्षूंना शिकविलें. बाकी सारें तेथून.” हें आपल्याकडे पुष्कळांना आवडतें, मलाहि आवडत असे. परंतु बोधिधर्म आणि व्यायाम ह्यांची सांगड ज्या चिनी पोथीनें घातली ती सतराव्या शतकांतली, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारांहून अधिक वर्षांनीं लिहिलेली. आणि तांग हाओ नांवाच्या चिनी संशोधकानें १९३० च्या सुमारासच ती कथा टाकाऊ ठरविली. परशुरामाचें पान प्रत्येक देशाच्या वहींत असतें. आपल्या हातून भारताचें खरें देणें तेवढें नीट सांगितलें जात नाहीं. तायक्वांदो शिकण्याच्या जागेला ‘दोजांग’ म्हणतात. जपानी लोक तींच चिनी अक्षरें ‘दोजो’ अशीं वाचतात. चिनी बौद्धांनीं तीं अक्षरें ‘बोधिमंड’ ह्या संस्कृत शब्दाच्या भाषांतरासाठीं योजिलीं होतीं. बोधिमंड म्हणजे बुद्धाला ज्ञान झालें ती पिंपळाखालची जागा. पुण्यांतल्या मंगल कार्यालयांत सतरंज्या बाजूला सारून आम्ही उभे राहतों त्या जागेचें हें नांव! एवढें देणें पुरेसें आहे.

खापरपणजोबाचें घर शोधावयास आम्ही सोलला परतलों. तें घर चोंगनो नांवाच्या जुन्या राजरस्त्यावर आहे. तेथें ख्रिस्ती तरुणांच्या संघाची, म्हणजे वाय. एम. सी. ए. ची, इमारत आहे. मूळची इमारत कोरियन युद्धांत जळाली, आजची नंतरची. खालच्या मजल्यावर माणसांची नेहमींची ये-जा, रस्त्यावर बसगाड्यांची रांग. पाटी शोधूनहि सांपडली नाहीं. परंतु १९४६ सालीं ह्याच संस्थेंत यून प्योंग-इन ह्या तरुणानें मुष्टिविद्येचा वर्ग काढला. लहानपणीं मांचुरियांत तो चिनी पद्धति शिकला होता, व पुढें जपानांत विद्यार्थी असतांना कराटे. त्याच्या आधीं दोन वर्षें, १९४४ सालीं, जपानी अंमल असतांनाच, ली वॉन-कुक ह्यानें सोलमध्यें ‘छोंग-दो-क्वान’ म्हणजे निळ्या लाटेची शाळा उघडली होती. हा ली तोकियोंत खुद्द फुनाकोशी गिचिन ह्यांचा शिष्य. आणि फुनाकोशी म्हणजे १९२२ सालीं ओकिनावाहून कराटे तोकियोस आणणारे गुरु. ह्वांग की हा तिसरा, रेल्वेंतला नोकर. त्यानें १९४५ नंतर योंगसान स्टेशनांत रेल्वेच्या कामगारांना शिकविण्यापासून आरंभ केला. अशा पांच-सहा शाळा. शिकविणारे तिशीच्या आंत-बाहेरचे, जागा उसनी, कपडे घरीं शिवलेले.

ह्या शाळांनीं आपल्या विद्येला काय म्हणावें? कोणी ‘थांगसूदो’ म्हणे, कोणी ‘कोंगसूदो’. हे दोन शब्द समजले कीं सगळी कुळी उलगडते. २ हा आंकडा आपण ‘दोन’ वाचतों, गुजराथी मनुष्य ‘बे’ वाचतो, खूण एकच. तसेंच चिनी अक्षरांचें. ‘कराटे’ हा शब्द प्रथम ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनीं लिहीत; पुढें जपानांत राष्ट्राभिमान वाढला तेव्हां १९३० नंतरच्या वर्षांत तीं बदलून ‘रिकामा हात’ अशा अर्थाचीं घातलीं. उच्चार मात्र कराटेच. (कुलवृत्तांताचें पान बदलण्याचें काम जपान्यांनींहि केलें तें असें.) पहिल्या जोडीचें कोरियन वाचन थांगसू, दुसरीचें कोंगसू. म्हणजे कोरियन शाळांच्या पाट्यांवर कराटे हाच शब्द कोरियन जिभेनें लिहिलेला होता. त्या शाळांतून शिकविलेल्या रचनांची नांवेंहि तशींच. ‘प्योंगआन’ म्हणून ज्या पांच रचना त्या मुलांनीं घोकल्या, त्या ओकिनावाच्या इतोसू आंको ह्या गुरूनें विसाव्या शतकाच्या आरंभीं शाळकरी पोरांसाठीं बसविलेल्या. आमच्या वरच्या मजल्यावरची ती पहिली रचना त्यांतलीच. पांढरा पोषाख व काळा पट्टा हीं १८८२ सालीं कोदोकान स्थापणाऱ्या कानो जिगोरोंच्या जुदोमधून आधीं कराटेंत आणि मग येथें आलीं. जिन्यांत उभ्या राहिलेल्या नवशिक्याची शंका इतकी सरळ होती!

मग हें लपविलें कां? येथें हंसणें सोपें आहे, पण अन्यायाचें होईल. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या टांचेखालीं होता. शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होत गेली. १९४० सालीं जपानी धर्तीचीं नांवें घेण्याचा कायदा अमलांत आला. १९३६ सालच्या बर्लिनच्या सामन्यांत मॅरेथॉन जिंकणारा सोन की-जोंग हा कोरियन. पण पदक जपानच्या नांवावर, छातीवर जपानचा सूर्य. सोलच्या ‘तोंगा इल्बो’ ह्या वृत्तपत्रानें छायाचित्रांतला तो सूर्य पुसून टाकला, आणि त्यापायीं तें महिनेच्या महिने बंद पडलें. अशा पिढीच्या हातांत, स्वातंत्र्य मिळालें तेव्हां, चांगली अशी एक विद्या होती, आणि ती जपानांत मिळविलेली होती. ती टाकून द्यावी तर पोट व अभिमान दोन्ही जातात. जपानी म्हणून मिरवावी तर जीभ रेटत नाहीं. मग कोणी आजोबांच्या थडग्यावरचें चित्र दाखविलें, आणि सर्वांना हायसें वाटलें. त्यानंतर पांचच वर्षांत युद्ध आलें. सोल चार वेळां ह्या हातांतून त्या हातांत गेलें. चोंगनोचा यून उत्तरेकडे गेला, तो परतला नाहीं. दुसऱ्या एका शाळेचा संस्थापक त्याच धामधुमींत नाहींसा झाला. हे गुरु राहिले असते तर ते खरें सांगते कीं न सांगते, कोण जाणे.

नांव बदलण्याचें काम एका लष्करी अधिकाऱ्यानें केलें. चोई होंग-ही, जन्म १९१८, विद्यार्थिदशेंत जपानांत कराटे शिकलेला, पुढें दक्षिण कोरियाचा सेनापति. १९५५ सालीं ‘तायक्वांदो’ हा शब्द त्यानें पुढें आणला. ‘ताय’ म्हणजे पायाचा प्रहार, ‘क्वॉन’ म्हणजे मूठ, ‘दो’ म्हणजे मार्ग. शब्द निवडतांना ‘तेक्क्योन’ ह्या जुन्या कोरियन खेळाच्या नांवाशीं त्याचा ध्वनि जुळावा हा हेतु उघड होता. जुन्या शाळांना तो सहजीं रुचला नाहीं. १९६१ सालीं ‘थेसूदो’ असें तिसरेंच नांव घेतलें गेलें, आणि १९६५ सालीं ‘तायक्वांदो’ कायम झालें.

तेक्क्योन मात्र खरोखरच जुनें. १८४६ सालच्या एका चित्रांत खेड्यांतल्या मैदानावर लोक कोंडाळें करून बसले आहेत, आंत दोन जोड्या लढत आहेत, एक कुस्तीची व एक तेक्क्योनची. सोलमधील सजिक भागांत राहणारे सोंग दोक-गी (१८९३ ते १९८७) हे ह्या खेळाचे शेवटचे जुने जाणते. त्यांच्या हयातींत, १९८३ सालीं, सरकारनें त्यास राष्ट्रीय वारसा ठरविलें. २०११ सालीं युनेस्कोच्या यादींत तो गेला. आम्ही त्याची चाल चित्रफितींत पाहिली. सैलसर पायघोळ कपडे, खांदे डोलताहेत, पाय त्रिकोणांत नाचल्यासारखे पडताहेत, तोंडानें ‘इक्, एक्’ असा हुंकार. आणि मध्येंच कोठून तरी पाय येऊन समोरच्याचा तोल जातो. मुलगी म्हणाली, “हें तर आपल्यासारखें मुळींच नाहीं.” तिला ठरीव पावलें व ताठ पाठ शिकविलेली, येथें सगळेंच लवचीक, लाटेसारखें. एका डोळसास जें दिसतें तें तिला दिसलें. तायक्वांदो तेक्क्योनच्या पोटीं जन्मला असता तर त्याची चाल अशी नसती.

म्हणजे कोरियाचें ह्यांत कांहींच नाहीं असें का? मुळींच नाहीं, आणि मला वाटतें, पुस्तिका लिहिणाऱ्यांनीं आपल्या लोकांवर खरा अन्याय केला तो येथें. १९६० नंतरच्या दशकांत ह्या शाळांनीं छातीला चिलखत बांधून पुऱ्या ताकदीनें लढण्याचे सामने सुरू केले. कराटेचे जुने गुरु घाव अंगाजवळ थांबविण्यास शिकवीत. येथें घाव लागला पाहिजे असा नियम झाला. तोंडावर ठोसा मारण्यास बंदी, लाथ मारण्यास मुभा. ह्या एका नियमानें सारें पालटलें. जो हात मुख्य होता तो मागें पडला, पाय पुढें आले. गिरकी घेऊन, उडी मारून, एकामागून एक अशा लाथा तरुण खेळाडूंनीं घामाच्या धारा गाळीत शोधून काढल्या. १९७० च्या सुमारास जुन्या जपानी रचना काढून त्यांच्या जागीं नव्या ‘थेगुक’ रचना बसविण्यांत आल्या. राष्ट्रध्वजावरच्या चिन्हांचें नांव त्यांना दिलें. १९८८ सालीं सोलच्या ऑलिंपिकमध्यें हा खेळ प्रदर्शनासाठीं आला, व २००० सालीं सिडनी येथें पदकांचा झाला. आज कोणी कराटेवाला आणि कोणी तायक्वांदोवाला शेजारीं उभे करून लढविले, तर डोळ्यांवर पट्टी बांधलेल्यालाहि पावलांच्या आवाजावरून फरक कळेल. हें दोन हजार वर्षांत झालेलें नाहीं, तिसांत-चाळिसांत झालें आहे, व करणाऱ्यांचीं नांवें-गांवें ठाऊक आहेत. १९९५ सालीं स्टीव्हन केपनर ह्या अभ्यासकानें सोलच्या एका नियतकालिकांत हें स्पष्ट लिहिलें. त्यानंतर कोरियन अभ्यासकांनींहि लिहिलें. पुस्तिका मात्र अजून थडग्यांतच आहेत.

परतीच्या आधींच्या रात्रीं घरांत ह्यावर वाद झाला. मुलीची पट्ट्याची परीक्षा डिसेंबरांत होती. पत्नीचें म्हणणें, परीक्षकाला हवें तें उत्तर द्यावें, दोन गुण घ्यावे, आणि खरें काय तें घरीं ठेवावें. शाळेंत इतिहासाच्या पेपरांत आपण सर्वांनीं तेंच केलें. ह्या म्हणण्यांत व्यवहार आहे. परंतु दहा वर्षांच्या मुलीनें कांचेला नाक लावून वज्रपाणि पाहिला, तेक्क्योनची चाल पाहून फरक स्वतः ओळखला. तिनें आतां डोळे मिटून दोन हजार म्हणावें हें मला पटेना. १९५५ म्हण, असें मीं सांगितलें. आणि परीक्षकांनीं कां विचारलें तर चोंगनोवरच्या यूनची गोष्ट नीट सांग. दोन गुण गेले तर जावोत.

शेवटच्या दिवशीं सकाळीं आम्ही नाम्सान टेकडीवर गेलों. ती सोलच्या मध्यभागीं आहे. वर जाण्यास झुलता पाळणाहि आहे. जपानी अमदानींत ह्या टेकडीवर १९२५ सालीं बांधलेलें शिंतो देवस्थान होतें. कोरियन शाळकरी मुलांना तेथें नमस्कारास नेत. १९४५ सालीं तें काढून टाकण्यांत आलें. त्याच परिसरांत आज आन चुंग-गन ह्यांचें स्मारक आहे. २६ ऑक्टोबर १९०९ रोजीं हार्बिन स्टेशनावर ह्या तरुणानें इतो हिरोबुमी ह्या जपानच्या वयोवृद्ध मुत्सद्द्यास गोळ्या घातल्या, आणि पुढल्या मार्चांत त्यास फांशीं देण्यांत आलें. सेनापति चोईनें आपल्या शाखेसाठीं ज्या चोवीस रचना बसविल्या, त्यांतली एक ह्याच्या नांवाची. तिच्यांत बत्तीस हालचाली आहेत, कारण कोरियन गणनेनें मरतेसमयीं त्याचें वय बत्तीस होतें. हातांचे पवित्रे पुष्कळसे जपानांत शिकलेले, आणि नांव जपानच्या पुढाऱ्यास मारणाऱ्याचें. चोई स्वतः १९७२ सालीं राज्यकर्त्यांशीं बिनसल्यामुळें कॅनडांत गेला, पुढें त्यानें उत्तर कोरियाशीं सख्य केलें, आणि २००२ सालीं प्योंगयांगमध्यें वारला. त्यामुळें ही रचना त्याच्या शाखेंत जगभर शिकवितात, पण कुक्कीवॉनच्या अभ्यासक्रमांत नाहीं.

स्मारकाबाहेर मोठमोठे दगड आहेत. आननें तुरुंगांत काढलेलीं अक्षरें त्यांवर कोरलीं आहेत, आणि सहीच्या जागीं त्याच्या डाव्या हाताचा ठसा. करंगळीशेजारच्या बोटाचें वरचें पेर त्यांत नाहीं. सोबत्यांबरोबर शपथ घेतांना त्यानें तें तोडून घेतलें होतें. आमच्यापुढें एक शिक्षिका पंचवीस-तीस मुलांना घेऊन उभी होती. मुलें एकेक करून पुढें येत, आपला डावा पंजा त्या ठशावर ठेवीत, बोटें मोजीत, आणि बाजूला होत.